पगार चांदीत, पाव तांब्यात: रोमन साम्राज्यातील सुट्ट्या पैशांची टंचाई

इंग्लंडच्या पूर्व भागातील कोल्चेस्टर येथे रोमन काळातील थरांचे उत्खनन झाले, तेव्हा सम्राट क्लॉडियसच्या नावाची तांब्याची नाणी मोठ्या संख्येने हाती आली. त्यांतील कित्येक नाणी रोमच्या टाकसाळीत पाडलेली नव्हती. वजन कमी, अक्षरे वेडीवाकडी, सम्राटाचा चेहरा सुजल्यासारखा, आणि मागील बाजूवरील मिनर्व्हा ही देवता काही नाण्यांवर चक्क उलट्या दिशेला चाललेली. अशी नाणी पाहिल्यावर पहिला विचार मनात येतो तो ठकबाजीचा. परंतु या नाण्यांचा अभ्यास जसजसा पुढे गेला, तसतसे असे दिसू लागले की त्यांतील फार मोठा भाग कोणाला फसवण्यासाठी नव्हे, तर बाजारात मोड मिळत नव्हती म्हणून पाडला गेला होता. रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागात हा प्रकार तीन-चार शतकांत पुन्हा पुन्हा घडला. तो का घडला, हे समजून घ्यायचे असेल तर आधी रोमन नाण्यांची उतरंड पाहावी लागते.

इ.स.पू. 23 च्या सुमारास सम्राट ऑगस्टसने नाण्यांची जी घडी बसवली, ती पुढे दोन शतकांहून अधिक काळ टिकली. सर्वांत वर सोन्याचे ऑरियस होते. एका ऑरियसचे चांदीचे 25 डिनेरियस होत, एका डिनेरियसचे पितळी 4 सेस्टर्सियस होत, आणि एका सेस्टर्सियसचे तांब्याचे 4 अ‍ॅस होत. दोन अ‍ॅसचे एक दुपॉन्डियस असे आणि अ‍ॅसच्या चौथ्या भागाला क्वाड्रन्स म्हणत. म्हणजे एका डिनेरियसचे 16 अ‍ॅस किंवा 64 क्वाड्रन्स होत असत. कागदावर ही रचना अगदी सुटसुटीत आहे. प्रत्येक पायरीवरील नाणे प्रत्येक गावात पुरेशा संख्येने पोहोचेल याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती, आणि पुढची सगळी कथा या एका उणिवेतून निघते.

रोजच्या खर्चात कोणते नाणे लागे, हे पॉम्पेई शहराच्या भिंतींवर लिहिलेले आहे. तेथील एका मद्यालयाच्या भिंतीवरील मजकूर सांगतो की एका अ‍ॅसमध्ये पेला मिळेल, दोन दिलेत तर चांगली वाइन मिळेल आणि चार दिलेत तर थेट फालेर्नियन, म्हणजे त्या काळची नामांकित वाइन मिळेल. पावाच्या एका लादीला साधारण दोन अ‍ॅस पडत. सार्वजनिक स्नानगृहात शिरायला एक क्वाड्रन्स पुरे. ज्याच्या हाती फक्त चांदीचे डिनेरियस आहे, त्याने पाव घेतला तर दुकानदाराला त्याला 14 अ‍ॅस परत द्यावे लागणार. सुट्टे नसतील तर व्यवहार अडलाच.

आता याच हिशेबाकडे सरकारच्या बाजूने पाहू. ऑगस्टसच्या काळात रोमन सैन्यतुकडीतील, म्हणजे लीजनमधील, साध्या सैनिकाला वर्षाला 225 डिनेरियस पगार होता आणि तो तीन हप्त्यांत मिळे. हा पूर्ण पगार सोन्यात द्यायचा झाला तर 9 ऑरियस लागत आणि त्यांचे वजन सुमारे 70 ग्रॅम भरे. चांदीत दिला तर ते वजन किलोच्या आतच राही. तोच पगार तांब्याच्या अ‍ॅसमध्ये द्यायचा तर 3,600 नाणी मोजावी लागतील आणि अकरा ग्रॅमचा एक अ‍ॅस धरला तर एका माणसाच्या वर्षभराच्या पगाराचे वजन सुमारे 40 किलो होईल. एका लीजनमध्ये पाच हजारांच्या आसपास माणसे असत. तेवढे तांबे खाणीतून काढायचे, त्याच्या चकत्या ओतायच्या, एकेक चकती ठशांच्या मध्ये धरून हातोडा मारायचा, आणि मग ते सगळे ओझे आल्प्सपलीकडे न्यायचे. नाणे लहान असो वा मोठे, ते पाडायला मजुरी जवळपास सारखीच लागते. मोठ्या किमतीच्या नाण्यावर ही मजुरी सहज निघून जाते. अ‍ॅस आणि क्वाड्रन्सच्या बाबतीत मात्र ती नाण्याच्या किमतीचा मोठा घास घेते.

म्हणून रोमन सरकार मुख्यतः आपली देणी भागवण्यासाठी नाणी पाडत असे, आणि त्या देण्यांत सैन्याचा पगार सर्वांत मोठा होता. बाजाराला किती मोड लागेल, असा स्वतंत्र विचार करून चालणारी यंत्रणा तेथे होती असे मानायला आधार नाही. पगारासोबत थोडी चिल्लर पाठवली जाई. जर्मनीतील काल्क्रीझ येथे इ.स. 9 मध्ये व्हारुस या सेनापतीचे सैन्य कापले गेले, तेथे सापडलेल्या तांब्याच्या काही नाण्यांवर त्याच्या नावाची ‘व्हार’ ही आद्याक्षरे ठोकलेली आहेत. अशी नाणी त्याने आपल्या सैनिकांना वाटली असावीत. परंतु असा पुरवठा सेनापतीच्या मर्जीवर, युद्धाच्या निकडीवर आणि टाकसाळीच्या कामाच्या वेळापत्रकावर अवलंबून होता.

टंचाई ऑगस्टसच्या आधीही होती, आणि खुद्द इटलीत होती. इ.स.पू. पहिल्या शतकात, साधारण 80 च्या सुमारास, रोमने तांब्याचे अ‍ॅस पाडणे जवळजवळ थांबवले आणि पुढची कित्येक दशके तुरळक अपवाद वगळता ते पुन्हा सुरू झाले नाही. त्या आधीपासूनच पॉम्पेईत एक विचित्र परिस्थिती दिसते. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील इबिझा बेटावरील एबुसुस शहराची लहान नाणी तेथे मोठ्या संख्येने चालत होती. त्यांच्यावर बेस या बुटक्या, दाढीवाल्या देवाची आकृती असे. एवढ्यावर न थांबता पॉम्पेईत कोणीतरी त्याच नाण्यांच्या नकलाही पाडू लागले. इटलीतील शहर इबिझाच्या नाण्यांची नक्कल करते, ती लपवत नाही आणि दुकानदार ती घेतात, यावरून मोडीची निकड किती असेल याची कल्पना येते. माझ्या मते रोमन नाण्यांच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण येथे सम्राटाच्या चेहऱ्याचा धाक नव्हता. नाणे हातात घेण्यामागे पलीकडचा माणूस ते परत घेईल, एवढाच विश्वास होता.

दुसरी युक्ती त्याहून साधी होती: छिन्नीने नाण्याचे दोन तुकडे करायचे. दक्षिण फ्रान्समधील नीम येथे, म्हणजे रोमन नेमाउसुसमध्ये, पाडलेल्या अ‍ॅसवर एका बाजूला पाठीला पाठ लावून ऑगस्टस आणि त्याचा सेनापती आग्रिप्पा, तर दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर आहे. इजिप्त जिंकल्याची ती खूण. ऱ्हाइन नदीकाठच्या छावण्यांत ही नाणी बरोबर मध्ये कापलेली सापडतात, एका तुकड्यात एक चेहरा आणि दुसऱ्यात दुसरा. असा अर्धा तुकडा अर्ध्या अ‍ॅसला चाले.

साम्राज्याच्या पूर्वेकडे ही अडचण तितकी जाणवली नाही, कारण ग्रीकभाषक प्रदेशांतील शेकडो शहरे स्वतःची ब्रॉन्झ नाणी पाडत असत आणि रोमने ती प्रथा चालू ठेवली. तेथे सुट्टे मिळत, पण सराफ बट्टा घेत. सम्राट हेड्रियनच्या काळातील पर्गामॉन येथील एका शिलालेखावरून कळते की सराफ डिनेरियस मोडून देताना 17 स्थानिक अ‍ॅस देत आणि तोच डिनेरियस किरकोळ विक्रेत्यांना देताना त्यांच्याकडून 18 अ‍ॅस घेत. मासळी विकणाऱ्यांचा सगळा धंदा चिल्लरीत चाले आणि मोठी देणी चांदीत द्यावी लागत, त्यामुळे हा एका अ‍ॅसचा फरक त्यांच्याच खिशातून जाई. तक्रार थेट सम्राटापर्यंत गेली ती यामुळेच.

पश्चिमेकडे मात्र शहरांच्या टाकसाळी एकामागून एक बंद झाल्या. स्पेनमधील शहरांनी ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या काळात भरपूर ब्रॉन्झ नाणी पाडली होती, पण कॅलिग्युलाच्या कारकिर्दीनंतर, म्हणजे इ.स. 41 च्या सुमारास, ती परंपरा संपली. त्यानंतर स्पेन, गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ऱ्हाइनकाठ यांची चिल्लरीसाठीची सारी भिस्त रोमच्या टाकसाळीवर आली. नेमके याच वेळी, इ.स. 43 मध्ये, क्लॉडियसने ब्रिटनवर स्वारी केली. चार लीजन आणि सहाय्यक तुकड्या मिळून सुमारे 40 हजार सैनिक समुद्रापलीकडे उतरले असावेत असा अंदाज आहे. ब्रिटनच्या दक्षिण भागातील टोळ्यांची स्वतःची सोन्या-चांदीची आणि ब्रॉन्झची नाणी होती, परंतु रोमन सैनिकाला वाइनच्या दुकानात रोजचा हिशेब करता येईल अशी व्यवस्था तेथे नव्हती. हजारो पगारदार माणसे एका जागी आली की त्यांच्यामागे भाकरी भाजणारे, कातडे शिवणारे, वाइन विकणारे येतातच, आणि त्या सगळ्यांना अ‍ॅस हवे असतात.

नेमकी तीच गोष्ट मिळेनाशी झाली. क्लॉडियसने कारकिर्दीच्या सुरुवातीला ब्रॉन्झ नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली, पण उत्तरार्धात हे काम थांबले. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या नीरोने सोने आणि चांदी पाडणे चालू ठेवले, मात्र तांब्या-पितळेची नाणी पुन्हा सुरू करायला इ.स. 62 ते 64 उजाडले. म्हणजे सैन्य ब्रिटनमध्ये पाय रोवत असताना, कोल्चेस्टर येथे इ.स. 49 मध्ये निवृत्त सैनिकांची वसाहत उभी राहत असताना, साम्राज्यात दहा वर्षांहून अधिक काळ नव्या चिल्लरीचा पुरवठाच नव्हता.

ही पोकळी नकलांनी भरून काढली. सर्वांत जास्त नक्कल झाली ती क्लॉडियसच्या मिनर्व्हा असलेल्या अ‍ॅसची. मूळ नाण्यावर एका बाजूला सम्राटाचे डावीकडे पाहणारे उघडे मस्तक आहे आणि दुसऱ्या बाजूला ढाल सांभाळत भाला उगारून उजवीकडे निघालेली मिनर्व्हा, दोन्ही बाजूंना ‘एस’ आणि ‘सी’ ही अक्षरे. नक्कल करणारा कारागीर नाणे समोर ठेवून ठसा कोरत असे. नाण्यावर जे उजवीकडे आहे ते ठशावर डावीकडे कोरावे लागते, तरच छाप सुलटी उठते. ज्याला हे ठाऊक होते किंवा ज्याने आधी हे काम केले होते, त्याची नाणी मूळ नाण्यांच्या जवळ जातात. नवख्याने मात्र जसे दिसले तसे कोरले, आणि त्याच्या ठशातून निघालेली मिनर्व्हा डावीकडे चालू लागली. अक्षरांचेही तसेच. लॅटिन वाचता येणाऱ्याने कोरलेली पदवी शुद्ध उतरते, न वाचता येणाऱ्याने कोरलेली नुसत्या रेघांची रांग होते. या सगळ्या नकला एका माणसाच्या किंवा एका जागेच्या नाहीत, हे या फरकांवरूनच स्पष्ट होते. सी. एच. व्ही. सदरलँड या नाणेतज्ज्ञाने 1935 मध्ये या नाण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांची प्रतवारी लावली: अगदी मुळाबरहुकूम उतरलेल्या नाण्यांपासून ते ओळखूही न येणाऱ्या नाण्यांपर्यंत.

वजन हा दुसरा दाखला. अधिकृत अ‍ॅस साधारण 11 ग्रॅमचा, तर नकला आठ, सहा आणि कधी त्याहूनही कमी ग्रॅमच्या. नकलेवरून पुढची नक्कल होत गेली तसे वजन घटत गेले असावे. यात कोणाचा तरी फायदा होत होता, हे नाकारता येणार नाही. सहा ग्रॅम तांब्यात 11 ग्रॅमचे नाणे चालवले की पाच ग्रॅम तांबे वाचतेच. पण हा लाभ किती मोठा होता? चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे खोटे डिनेरियस बनवणारा माणूस एका नाण्यात 16 अ‍ॅसचा हात मारत असे. अ‍ॅस बनवणाऱ्याला तेवढ्याच कमाईसाठी कितीतरी ठोके मारावे लागत. चोरी करायला निघालेला माणूस तांब्याचा अ‍ॅस निवडत नाही, हा तर्क मला पटतो.

मग या नकला कोणी पाडल्या? त्यांतील चांगल्या प्रतीची नाणी छावण्यांत आणि छावण्यांलगतच्या वस्त्यांत सापडतात. सैन्याकडे लोहार होते, कासार होते, अक्षरे कोरणारे होते, आणि चिल्लरीची सर्वांत जास्त गरजही सैन्यालाच होती. त्यामुळे काही नकला लष्कराच्या संमतीने किंवा किमान त्याच्या डोळ्यांदेखत पाडल्या गेल्या असाव्यात, हे मत बरेच अभ्यासक मांडतात. अधिकारी नाण्यांकडे लक्ष देत होते याचा पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये सापडलेल्या क्लॉडियसच्या काही सेस्टर्सियसवर ‘प्रोब’ हा छोटा शिक्का वरून ठोकलेला आहे, म्हणजे तपासून मान्य केले असा त्याचा अर्थ. काही झिजलेल्या किंवा हलक्या नाण्यांवर दुपॉन्डियसची खूण ठोकून त्यांची किंमत निम्म्यावर आणली आहे. नाणे जप्त करून वितळवण्याऐवजी त्याची किंमत उतरवून ते चालू ठेवणे हा व्यवहारी माणसाचा निर्णय आहे. कायद्याचीही फारशी आडकाठी नव्हती. इ.स.पू. 81 मध्ये रोमचा हुकूमशहा सुल्ला याने खोटेपणाविरुद्ध जो कायदा केला, त्याचा रोख मुख्यतः सोन्या-चांदीच्या नाण्यांवर होता.

आपल्याकडे शिवराई जमवणाऱ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. उत्तरकालीन शिवराई नाण्यांवर ‘छत्रपति’ची अक्षरे कधी अर्धीच उठलेली, कधी भलत्याच वळणाची दिसतात, आणि तरीही त्यांनी गावोगावचा बाजार चालवला.

नीरोने पुन्हा ब्रॉन्झ पाडायला घेतले तेव्हा रोमखेरीज फ्रान्समधील लियाँ, म्हणजे लुग्डुनुम, येथील टाकसाळीतूनही नाणी निघू लागली. ती उत्तरेकडील छावण्यांपर्यंत पोहोचली आणि क्लॉडियसच्या नकला हळूहळू वापरातून गेल्या. त्यासाठी कोणतीही मोठी धरपकड झाल्याची नोंद नाही. खरे नाणे सहज मिळू लागले, तसे सहा ग्रॅमचा अ‍ॅस घ्यायला कोणी तयार होईना.

दुसऱ्या शतकात पुरवठा बरा होता, म्हणून ते शतक आपण ओलांडून जाऊ. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला डॅन्यूब आणि ऱ्हाइनकाठी एक नवी पद्धत दिसते: खरे नाणे ओल्या मातीत दाबून साचा घ्यायचा, असे साचे एकावर एक रचायचे आणि त्यांत वितळलेला धातू ओतायचा. येथे ठसा कोरायची गरजच नाही, त्यामुळे चित्र आणि अक्षरे मुळासारखी येतात, फक्त कडा बोथट आणि वजन कमी. सीमेवरील प्रदेशांत सापडणाऱ्या या ओतीव ब्रॉन्झ नाण्यांना अभ्यासकांनी सीमेवरची खोटी नाणी अशा अर्थाचे नाव दिले आहे. फ्रान्समधील शातोब्लो या गावी तिसऱ्या शतकातील नकला बनवण्याच्या कार्यशाळांचे अवशेषच सापडले. हा उद्योग कोपऱ्यात लपून बसलेल्या एकट्यादुकट्याचा नव्हता, हे तेथे उघड दिसते.

याच शतकात खुद्द चांदीचे नाणेच घसरले आणि प्रश्नाचे रूप बदलले. सम्राट कॅराकॅलाने इ.स. 215 मध्ये एक नवे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या मस्तकाभोवती किरणांचा मुकुट असे आणि त्यात सुमारे निम्मी चांदी होती. युद्धे, फुटलेले साम्राज्य आणि सैन्याच्या वाढत्या मागण्या यांमुळे त्यातील चांदी कमी कमी होत इ.स. 270 च्या सुमारास दोन-तीन टक्क्यांवर आली. म्हणजे नावाला चांदीचे, प्रत्यक्षात तांब्याचे. हे नाणे इतके स्वस्त झाल्यावर त्याखालची पितळी आणि तांब्याची नाणी पाडणे परवडेना आणि पश्चिमेकडे मोठे पितळी सेस्टर्सियस व्यवहारातून नाहीसे झाले. आता किरणमुकुटाचे नाणेच बाजाराची चिल्लर होते. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथील इ.स. 260 च्या एका पपायरसवरून कळते की तेथील सराफांनी सम्राटांची नाणी घ्यावी लागू नयेत म्हणून पेढ्याच बंद केल्या होत्या, आणि खोटी वगळता बाकी सर्व नाणी स्वीकारा, अशी तंबी अधिकाऱ्याला द्यावी लागली. सरकारी नाण्यावरचा विश्वास कोठवर आला होता, हे या हुकमातून कळते.

गॉल, ब्रिटन आणि काही काळ स्पेन मिळून इ.स. 260 पासून एक वेगळे राज्य चालत होते, त्याचा शेवटचा सम्राट टेट्रिकस इ.स. 274 मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियन याला शरण आला. ऑरेलियनने त्याच सुमारास नाणी सुधारली. नवे नाणे वजनदार आणि सुबक होते, त्यात चांदी सुमारे पाच टक्के होती आणि त्यावर प्रमाण सांगणारा ‘एक्स एक्स आय’ हा आकडा होता. सुधारणा चांगली होती, मात्र गॉल आणि ब्रिटनमध्ये ही नवी नाणी फारच थोडी सापडतात. टेट्रिकसच्या टाकसाळी बंद झाल्या, नव्या नाण्यांचा पुरवठा उत्तरेकडे तोकडा पडला आणि जी नाणी आली ती पाव घेण्याच्या दृष्टीने बहुधा फार मोठ्या किमतीची होती. निर्णय रोममध्ये झाला आणि त्याची झळ लंडनच्या दुकानदाराला बसली.

मग पुन्हा नकला, आणि या वेळी पूर्वी कधी नव्हत्या एवढ्या. टेट्रिकस, त्याचा मुलगा, त्याच्या आधीचा सम्राट व्हिक्टोरिनस आणि रोमचा सम्राट क्लॉडियस दुसरा यांच्या नाण्यांच्या लाखो प्रती निघाल्या असाव्यात. ब्रिटन आणि उत्तर फ्रान्समधील संग्रहालयांतून त्या अजूनही ढिगाने आहेत. क्लॉडियस दुसरा वारल्यावर त्याच्या नावाने ज्वाला उठणाऱ्या वेदीचे नाणे निघाले होते, ते कोरायला सोपे म्हणून कारागिरांचे आवडते ठरले. एक चौकट, आत चार ठिपके, वर दोन-तीन रेघा, की झाली वेदी. पूजेची भांडी दाखवणाऱ्या नाण्यावरची झारी हळूहळू नुसत्या फुगीर रेषेत उतरली. आकारही आक्रसला: सुरुवातीच्या नकला मूळ नाण्याएवढ्या, म्हणजे जवळपास वीस मिलिमीटरच्या, तर शेवटच्या सात मिलिमीटरहूनही लहान. जुन्या अभ्यासकांनी या नाण्यांना रानटी म्हटले आणि ती रोमन साम्राज्य कोसळल्यानंतरची असावीत असे मानले. नाण्यांचे पुरलेले साठे नीट तपासल्यावर ही समजूत मागे पडली. या नकला त्याच पिढीतल्या, रोमन राज्यात राहणाऱ्या, कर भरणाऱ्या आणि बाजारहाट करणाऱ्या लोकांच्या होत्या. रानटी हे विशेषण मात्र अजून चिकटून आहे, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

हा आकार इतका लहान का झाला, यामागे बहुधा तांब्याची काटकसर होती, आणि कदाचित लहान-मोठ्या नकलांना वेगवेगळी किंमतही होती. इ.स. 286 मध्ये कॅरॉसियसने ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित केले आणि लंडनमध्ये टाकसाळ काढली. त्याच्या सुरुवातीच्या काही नाण्यांखाली जुन्या नाण्यांच्या आकृती अस्पष्ट दिसतात, कारण चलनातलीच नाणी घेऊन त्यांवर नवा ठसा मारलेला होता. स्थानिक टाकसाळ सुरू होताच नकलांची लाट ओसरली.

चौथ्या शतकात हेच चक्र आणखी दोनदा फिरले. लंडनची टाकसाळ इ.स. 325 मध्ये बंद झाली आणि ब्रिटन पुन्हा ट्रिअर, लियाँ आणि आर्ल येथून येणाऱ्या नाण्यांवर विसंबले. इ.स. 340 च्या दशकात पुरवठा आटला तेव्हा लांडगी आणि तिच्याखालची जुळी बाळे, किंवा दोन सैनिक आणि त्यांच्यामधला ध्वज, अशा लहान ब्रॉन्झ नाण्यांच्या नकला निघाल्या. पुढे इ.स. 350 ते 353 या काळात मॅग्नेन्शियस या बंडखोराने पश्चिम ताब्यात घेतली. त्याचा पाडाव झाल्यावर त्याची नाणी बाद झाली आणि चलनात एकदम खड्डा पडला. घोड्यावरून कोसळणारा शत्रू आणि त्याच्यावर भाला रोखणारा रोमन सैनिक, हे कॉन्स्टॅन्शियस दुसऱ्याच्या नाण्यावरचे चित्र या वेळी नक्कलकारांनी उचलले. काहींनी जुन्या, बाद झालेल्या नाण्यांवरच ते ठोकले. सरकारचा दृष्टिकोन आता कडक होता. त्याच दशकातील एका कायद्याने नाणी वितळवण्यास, आणि विकण्यासाठी ती एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेण्यास मनाई केली. व्यापाऱ्याला प्रवासखर्चापुरतीच ठराविक रक्कम बाळगता येई. कायद्यात एवढे तपशील येतात त्याअर्थी लोक हे सर्रास करत असणार.

नकलांची ही सवय साम्राज्याच्या हद्दीपुरती नव्हती. चौथ्या आणि पाचव्या शतकांतील रोमन ब्रॉन्झची चिमुकली नाणी तामिळनाडूत आणि विशेषतः श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली आहेत, आणि श्रीलंकेत त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. तेथेही त्या चिल्लर म्हणून चालल्या असाव्यात. महाराष्ट्रातील तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकला मिळाल्या आहेत, पण त्या गळ्यात घालण्याच्या पदकांसारख्या आहेत आणि त्यांचा मोडीच्या टंचाईशी संबंध नाही. दख्खनमध्ये सातवाहनांची शिशाची आणि तांब्याची भरपूर नाणी चालत होती, त्यामुळे लहान खरेदीसाठी येथे रोमच्या तोंडाकडे पाहण्याची वेळच आली नाही.

शेवटचा प्रसंग ब्रिटनमधलाच, आणि तो आधीच्या सगळ्या प्रसंगांच्या उलट आहे. इ.स. 402 नंतर रोमहून ब्रिटनला नवी ब्रॉन्झ नाणी जवळजवळ आलीच नाहीत. आधीच्या अनुभवावरून पाहता येथे नकलांचा पूर यायला हवा होता. तो आला नाही. सैन्य माघारी जात होते, पगार येत नव्हता, पगारासाठी कर गोळा करण्याचे कारण उरले नव्हते, आणि छावण्यांभोवतीची दुकाने ओस पडत होती. ज्या बाजाराला अ‍ॅसची भूक होती तोच बाजार उरला नाही, म्हणून तांब्याची नक्कल करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. त्या काळात हात चालवला गेला तो चांदीवर. सफोकमधील हॉक्सन येथे 1992 मध्ये सुमारे 15 हजार नाण्यांचा साठा सापडला, त्यात ब्रॉन्झची नाणी दोन डझनांच्या आसपासच होती. उरलेल्यांत बहुतेक सिलिक्वा ही चांदीची नाणी होती आणि त्यांच्या कडा कात्रीने कातरलेल्या होत्या. कातरताना सम्राटाच्या चेहऱ्याला धक्का लागू दिला नव्हता, आणि निघालेल्या कातरणातून नव्या, नकली सिलिक्वा पाडल्या जात होत्या.